दोघींचं पान

ताईच्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती, त्या जानेवारीत ती आणि जीजाजी पाटणहून आमच्याकडे जेवायला आले होते. आम्ही जबलपूरच्या घमापुरात राहतो, बाजाराच्या मागच्या गल्लीत. बाबा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा क्वार्टर सोडून इथे आलो. आई त्याच्या आधीच गेली होती. घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. मी घरी बसूनच एका कंपनीसाठी वेबसाइट बनवण्याचं काम करते.

त्या दिवशी मी गोळाभात केला होता, वर घालायला फोडणीचं तेल. जीजाजी नेहमीसारखे हळू, मान खाली घालून जेवत होते. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. पाटणला त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान, दुकानावर घर. घरात हिंदी, मराठी त्यांना येत नव्हतं. बाबांना ते फार आवडायचे. जेवता जेवता ते मला म्हणाले, "आपका दाँत अब कैसा है? पहलवान डॉक्टर से डरिए मत, दिखा आइए."

माझा दात दुखत होता हे बाबांनाही माहीत नव्हतं. डॉक्टर पहिलवानासारखा दिसतो, त्याची भीती वाटते, हे मी तीन दिवसांपूर्वी फक्त ताईला लिहिलं होतं, मोबाइलवर. ताईने सांगितलं असेल असं मनात येऊन मी तिच्याकडे बघितलं. ती बाबांना वाढत होती. तिचा डाव वाटीवर तसाच थांबला होता आणि तेलाचा एक थेंब टेबलावर पडला. जीजाजींनी तो बोटाने पुसला.

जेवण झाल्यावर बाबा आणि जीजाजी समोरच्या खोलीत टीव्ही बघत बसले. मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने ताईला गच्चीवर नेलं.

"तू सांगितलं का त्यांना दाताचं?"

"नाही."

"मग?"

ती दोरीवरून बाबांचा शर्ट काढत होती. त्याची तिने तीनदा घडी घातली. "ते वाचतात," ती म्हणाली. "माझा नंबर दुकानातल्या कम्प्युटरवर जोडून ठेवला आहे. तू जे लिहिते ते आधी तिकडे दिसते."

"तू काहून नाही सांगितलं मला?"

"कुठे सांगू? फोनवर?"

तेव्हा मला आठवलं की वर्षभरात ताईचा फोन आला की मागे पंख्याचा आवाज मोठा यायचा. फोन स्पीकरवर असायचा. आणि ती माझ्याशी हिंदीतच बोलायची. मला वाटायचं, सासरी राहून सवय लागली असेल. ती म्हणाली, ते म्हणतात, हिंदी में बात करो, हम भी तो सुनें. तेवढ्यात खालून जीजाजींची हाक आली, अगदी हळू, "चलें?" आणि ताई शर्ट माझ्या हातात देऊन जिना उतरली.

त्याच आठवड्यात मी ते पान बनवायला घेतलं. जावास्क्रिप्ट मी रोज लिहिते, पण असं काही कधी केलं नव्हतं. मला एक साधं वेबपान हवं होतं, जे फोनवर काहीही न टाकता नुसत्या ब्राउझरमध्ये उघडेल. दोघींनी उघडलं की तिचा फोन आणि माझा कम्प्युटर थेट एकमेकांशी बोलतील. मध्ये कुठल्या कंपनीकडे मेसेज जमा होणार नाहीत. सुरुवातीला दोघींना एकमेकींचा ठावठिकाणा सांगण्यापुरता एक छोटा प्रोग्रॅम मी इंटरनेटवर ठेवला. तो गाठ घालून द्यायचा आणि काहीही लक्षात ठेवायचा नाही. पान उघडलं की दोन्हीकडे नव्या किल्ल्या तयार व्हायच्या आणि आमचं लिहिणं त्या किल्ल्यांनी कुलूपबंद होऊनच बाहेर पडायचं. पान बंद केलं की किल्ल्या नष्ट, लिहिलेलंही नष्ट.

पानावर वरच्या कोपऱ्यात सहा आकडे दिसायचे. ते दोन्ही किल्ल्या मिळून बनलेले असायचे. दोघींच्या स्क्रीनवर तेच सहा आकडे असतील तर मध्ये तिसरं कोणी शिरलेलं नाही असं समजायचं. आकड्यांच्या शेजारी मी हिरवं कुलूप काढलं होतं. त्याचा मला बराच अभिमान वाटायचा.

बाबा मागे येऊन उभे राहायचे. "काय बनवून राहिली तू?"

मी त्यांना सांगितलं. जीजाजी ताईचे मेसेज वाचतात हेही सांगितलं. तीस वर्षं फॅक्टरीत काय बनतं ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, आईलाही नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "नवरा आहे, वाचला असेल एखादा मेसेज. माणूस वाईट नाही. आवाज कधी चढवत नाही."

तरी पानाची पहिली परीक्षा त्यांनीच घेतली. घरातल्या घरात पान चालत होतं, पण मोबाइलच्या नेटवर्कवरून जोडणी होत नव्हती. मी आणखी एक टप्पा घातला आणि बाबा आपला फोन घेऊन स्कूटरवरून पाटणच्या रस्त्याने निघाले. मी इकडे स्क्रीनसमोर बसले. पाऊण तासाने अक्षरं उमटली, एका बोटाने टाइप केलेली, मध्येच जागा सुटलेली. "चहा पिऊन राहिलो. दिसते का." मी लिहिलं, दिसते. त्यांनी विचारलं, "अजून पुढे जाऊ का." मी नको म्हटलं तरी ते आणखी दहा किलोमीटर पुढे गेले.

फेब्रुवारीत मी एकटीच पाटणला जाऊन आले. ताईच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्या चालू असताना, तिला पत्ता पाठ करायला लावला. पानाचा पत्ता आणि त्या पानावरच्या आमच्या दोघींच्या खोलीचा गुप्त शब्द मी एकाच ओळीत ठेवला होता, म्हणजे तिला एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. लिहून ठेवायचं नाही. ब्राउझरच्या गुप्त खिडकीतच उघडायचं, म्हणजे उघडल्याची नोंद फोनमध्ये राहत नाही. हे मी तिला तीनदा सांगितलं. ती मान हलवत होती आणि दर शिटीला दाराकडे बघत होती.

"आणि मराठीत लिहू," ती म्हणाली. "हे मला सुचलं."

आम्ही एकमेकींना आजवर मराठीत काही लिहिलंच नव्हतं. जबलपुरात शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी. मराठी ही बोलण्याची भाषा, तीही घरात. त्यामुळे ताई जशी बोलायची तशीच लिहायला लागली. दुपारी अडीचला जेवून जीजाजी दुकानात परत गेले की माझ्या कम्प्युटरवर छोटी घंटी वाजायची आणि दिसायचं, "काय करून राहिली?"

पहिल्या दिवशी आकडे जुळवून बघायला तिने मला फोन केला. स्पीकर चालूच होता. ती हिंदीत म्हणाली, लाडूचं प्रमाण लिहून घे. रवा चार, तूप दोन, साखर चार, असं करत तिने सहाही आकडे सांगितले. माझ्या स्क्रीनवर तेच होते. मी म्हटलं, बरोबर आहे, असेच करते. फोन ठेवल्यावर मी एकटीच हसले होते. पण पान दर वेळी उघडलं की आकडे नवे यायचे, आणि रोज रोज लाडूचं प्रमाण कोण विचारणार? दुसऱ्या दिवसापासून आम्ही आकडे जुळवणं सोडून दिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुलूप हिरवं दिसत होतं.

हळूहळू ती सांगत गेली. आधी जेवणाखाणाचं, मग बाकीचं. बँकेतली नोकरी तिने स्वतः सोडली असं आम्हाला वाटत होतं. राजीनामा त्याने लिहिला होता, तिने सही केली होती. तिच्या डिग्रीचे कागद, आधार, पासबुक दुकानातल्या कपाटात होते आणि किल्ली त्याच्या खिशात. एका दुपारी तिने लिहिलं, "सुतार आला होता. सगळ्या दाराच्या आतल्या कड्या काढून नेल्या. रंग द्यायचा म्हणे." मी विचारलं, मग? "रंग देऊन पंधरा दिवस झाले. कड्या नाही लावल्या. बाथरूमची पण नाही."

मी विचारलं, तू त्याला विचारलं नाहीस?

"विचारलं. म्हणाले, तुम्हें किससे छुपना है?"

हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते उठून आमच्या बाथरूमपर्यंत गेले, आतली कडी लावून बघितली, काढली आणि परत येऊन बसले. त्यानंतर जीजाजी माणूस वाईट नाही असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मीही त्याला मनातल्या मनात अरेतुरे करायला लागले होते.

मार्चमध्ये तिने लिहिलं, "मला यायचं आहे." पुढचे चारपाच दिवस आम्ही तेच ठरवत होतो. मंगळवारी तो माल बघायला मझौलीला जायचा आणि संध्याकाळी परतायचा. त्या दिवशी नुसती पर्स घेऊन, भाजी आणायला निघाल्यासारखं, ती दोनच्या बसमध्ये बसणार. पाटणच्या स्टँडवर त्याच्या ओळखीचे फार, म्हणून मी तिकडे जायचं नाही. जबलपूर शहर लागायच्या आधी एक पेट्रोल पंप आहे, तिथे बाबा आणि मी गाडी घेऊन उभे राहणार. कागदांची चिंता करू नको, सगळ्यांच्या नकला निघतात, असं मी तिला लिहिलं. तिने लिहिलं, "बाबा रागावले तर नाही ना?"

शनिवारी सकाळी, अकरा वाजले असतील, मी कंपनीच्या कामात होते. घंटी वाजली. ताई या वेळेला कधी यायची नाही. मला आधी आनंदच झाला.

"तू कशी आहेस?"

मी लिहिलं, बरी आहे, आज इतक्या लवकर?

"आज वेळ मिळाला. मी ठीक आहे."

"मंगळवारचं नक्की ना?" हे मी आपणहून विचारलं. कोणी मला विचारलं नव्हतं.

उत्तर उमटलं, "होय. मंगळवारी किती वाजता हे मी विसरलो."

विसरलो. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, फोन आपोआप शब्द घालतो, तसं झालं असेल. मी लिहिलं, "दोनची बस. तो मझौलीला गेला की."

"आणि तू मला कुठे भेटणार आहेस?"

माझी बोटं की-बोर्डवर होती. पेट्रोल पंपाचा पे मी टाइपसुद्धा केला होता. पण ते वाक्य मला खटकत होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. उलट ते फारच नीट होतं, पाठ्यपुस्तकातल्यासारखं. ताईने आजवर एक वाक्य असं लिहिलं नव्हतं. मी वरची तिन्ही वाक्यं पुन्हा वाचली. आमची ताई "होय" म्हणत नाही, "हो न" म्हणते. मी पे पुसला आणि लिहिलं, "काहून विचारून राहिली? परवाच तर ठरलं न बापा."

पलीकडे कोणी टाइप करत असलं की तीन ठिपके हलायचे. ते मीच बनवले होते. ठिपके हलले, थांबले, परत हलले. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत होता आणि तो वळणापलीकडे जाईपर्यंत ठिपके चालूच होते.

"तुझा संदेश मला समजला नाही."

मी खुर्ची मागे सरकवली. वर सहा आकडे होते, शेजारी हिरवं कुलूप. सगळं बरोबर चालत होतं. आमच्या मध्ये तिसरं कोणीही नव्हतं. फक्त ताईच्या जागी तो बसला होता, आणि हिंदीचं मराठी करून देणाऱ्या कुठल्या तरी यंत्रातून एकेक वाक्य काढून मला पाठवत होता.

मिनिटभराने एकच शब्द आला, "अच्छा." आणि त्याच्याखाली पानात मी स्वतः घालून ठेवलेली ओळ उमटली, समोरची व्यक्ती निघून गेली आहे.

बाबा अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. मी जाऊन सांगितलं की पानावर ताई नव्हती, जीजाजी होता.

"तू काय काय सांगितलं?"

"मंगळवार. दोनची बस."

त्यांनी नळ बंद केला. मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते आत जाऊन शर्ट घालून आले आणि म्हणाले, "गाडी काढ."

पाटणचा रस्ता मी इतक्या वेळा गेले होते, पण त्या दिवशी तो संपत नव्हता. दोन्हीकडे गहू कापणीला आला होता आणि हार्वेस्टर रस्त्यात आडवे येत होते. बाबांनी ताईचा नंबर लावला. बंद. महिला हेल्पलाइनला लावला. तिथल्या बाईने पत्ता लिहून घेतला आणि विचारलं, मारहाण करतो का? बाबा म्हणाले, "नाही. मारत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आवाज पण नाही चढवत." त्या बाईला ते कळलं की नाही कोण जाणे. फोन ठेवल्यावर त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पाटण येईपर्यंत तसेच ठेवले.

दुकान बंद होतं. शनिवार, भर दुपार, गव्हाचे दिवस, आजूबाजूची सगळी दुकानं उघडी आणि त्याचंच शटर खाली. आम्ही बाजूच्या जिन्याने वर गेलो. तो दारातच उभा होता, धुतलेला पांढरा शर्ट घालून.

"आइए बाबूजी. मैं यही हिसाब लगा रहा था, घंटा भर तो लगेगा."

टेबलावर तीन कप होते. चहा गाळून तयार होता, अजून वाफ येत होती.

"ताई कुठे आहे?" मी मराठीत विचारलं. मग हिंदीत विचारलं.

"सिर दुख रहा है उसका. आराम कर रही है. बैठिए ना." आणि तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या मुलाची वही तपासून परत देतात तसा त्याचा सूर होता. "आपने बहुत अच्छा बनाया है. सच में. लेकिन पता हिस्ट्री में रह जाता है. और कमरे का शब्द भी उसी पते में. ये तो आपको मालूम होना चाहिए था."

मला माहीत होतं. म्हणून तर गुप्त खिडकीत उघडायला सांगितलं होतं. एक दिवस ती विसरली असेल, आणि त्या एका ओळीत पत्ता आणि शब्द दोन्ही मी स्वतःच्या हाताने बांधून दिले होते, तिला सोपं जावं म्हणून.

बाबा बसले नव्हते. ते आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होते. त्या दाराच्या आतल्या कड्या काढून नेलेल्या होत्या, बाहेरची मात्र होती, आणि ती लावलेली होती. तो म्हणाला, "बाबूजी, चाय ठंडी हो रही है." बाबा त्याच्या अगदी जवळून गेले. त्याने हात आडवा केला नाही. बाबांनी कडी काढली.

ताई पलंगाला टेकून खाली बसली होती. केस विंचरलेले नव्हते. तिने आमच्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "बाबा, मी गुप्त खिडकीत उघडायला विसरली."

"चल," बाबा म्हणाले.

तिच्या चपला कुठे सापडल्या नाहीत. रॅकवर नव्हत्या, पलंगाखाली नव्हत्या. ती शोधत राहिली, जणू चपलांशिवाय जाताच येणार नाही. मी माझ्या काढून तिच्या पायांत सरकवल्या आणि अनवाणी जिना उतरले. तो वर उभा होता. "ले जाइए," तो म्हणाला. "मायका है. मैं कब रोकता हूँ?"

परतीच्या रस्त्यात ताई मागे बसून सारखी काचेतून मागे बघत होती. मीही आरशात बघत होते. कोणी आलं नाही. तो नक्की मागे येईल असं मला वाटत होतं, आणि तो येत नाही याचीच जास्त भीती वाटायला लागली.

पुढचं सगळं रीतसर झालं. पोलिसांत अर्ज दिला, वकील केला. ताई पहिले काही दिवस फार झोपायची. माझ्या पानाची गाठ घालून देणारा तो छोटा प्रोग्रॅम अजून चालू होता. तो काही लक्षात ठेवत नव्हता, पण चालू असताना पानावरच्या त्या खोलीत कोणी आलं की माझ्यासमोर एक ओळ उमटायची. सोमवारी दुपारी अडीचला ती ओळ आली. खोलीत एक जण. बारा मिनिटं तो तिथे एकटाच बसला आणि गेला. मंगळवारी परत अडीचला. बुधवारीही.

मी तो प्रोग्रॅम त्याच क्षणी बंद करायला हवा होता. केला नाही. अडीच वाजता तो कुठे आहे हे मला कळतंय, तो तेवढा वेळ फोनसमोर आहे, म्हणजे आमच्या गल्लीत नाही, असा हिशेब मी करत होते. दहाबारा दिवस मी दुपारचं जेवण त्या ओळीसमोर बसून जेवले. बाबांना बोलले नाही, ताईला तर नाहीच.

मग एक दिवस अडीचला एक जण आला आणि तीन मिनिटांनी ओळ बदलली. खोलीत दोन जण.

माझ्या कम्प्युटरवर पान उघडलेलं नव्हतं. मी उठून शेजारच्या खोलीत गेले. ताई खिडकीशी पाय जवळ घेऊन बसली होती, हातात बाबांचा फोन. मी जवळ जाईपर्यंत तिने मान वर केली नाही. स्क्रीनवर एकच ओळ होती. "आ गईं?"

"तू काही लिहिलं?" मी विचारलं.

"नाही."

"किती दिवस येऊन राहिली?"

"आज पहिल्यांदा." मग म्हणाली, "तो शब्द पाठ आहे न. जात नाही डोक्यातून. म्हटलं बघू, ते आहेत का अजून तिकडे."

तीन ठिपके हलत होते. तिचा अंगठा की-बोर्डच्या वर होता, टेकलेला नव्हता. मी फोन ओढून घेतला नाही. त्या घरात दोन वर्षं तिच्या हातातून फोन काढून घेत होते, एवढंच माझ्या मनात आलं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "बंद करू का?"

ती ठिपक्यांकडे बघत राहिली. ते थांबले. पुन्हा सुरू झाले. "कर," ती म्हणाली.

मी माझ्या टेबलाशी जाऊन प्रोग्रॅम बंद केला आणि मग सगळ्या ओळी पुसल्या, पान, किल्ल्या, आकडे, कुलूप, सगळं. वर्षभरात मी इतक्या मनापासून दुसरं काही बनवलं नव्हतं. पुसायला एक मिनिटही लागलं नाही. परत गेले तेव्हा ताई रडत होती, पण तिने उठून तोंड धुतलं आणि संध्याकाळी पोळ्या तिनेच केल्या.

याला आता वर्ष होईल. केस चालू आहे. तारखांना तो वेळेवर येतो, बाबांना वाकून नमस्कार करतो, बाबा भिंतीकडे बघतात. ताईच्या कागदांच्या नकला निघाल्या. उन्हाळ्यानंतर तिला एका खाजगी ऑफिसात नोकरी लागली, शहरातच. कुठे, ते आम्हा तिघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मला कधी कधी वाटतं, तसं पान पुन्हा बनवावं, या वेळी शब्द पत्त्यात न घालता, आणि समोर खरंच कोण बसलं आहे ते ओळखायची काही रीत शोधून. फाइल उघडते आणि पहिल्या ओळीवरच अडते.

गेल्या महिन्यात तिच्या ऑफिसात एक फोन आला. रिसेप्शनवरच्या मुलीने उचलला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता, ती म्हणाली. नाव नाही सांगितलं. ताई आज आली आहे का, एवढंच विचारलं. ती हो म्हणाली, तर त्याने थँक यू म्हणून ठेवून दिला.

ताईने हे घरी येऊन जेवताना सांगितलं. बाबांचा घास हातात राहिला. मी म्हटलं, उद्या नको जाऊ.

"काहून नको जाऊ?" ती म्हणाली. "एकदा नाही गेली की मग झालं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. मी तिला स्कूटरवर सोडलं. आता रोज सोडते. ती आत जाऊन दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत येते, हात करते, मग मी निघते. गर्दीतून घरी येताना मागे हॉर्न वाजला की मी आधी आरशात बघते.